फुलवालीचं पुढं काय झालं? ‘पिग्मॅलियन’ आणि त्याचे शंभर वर्षांतले रिमेक

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आज अशा एका गोष्टीबद्दल बोलायचंय जी तुम्ही नक्की पाहिली आहे. नाव माहीत नसेल कदाचित, पण पाहिली आहे.

गोष्ट अशी. एक हुशार, पैसेवाला, जरा जास्तच शहाणा पुरुष. एक गरीब, तोंडाची फटकळ मुलगी. तो मित्राशी पैज लावतो की, हिला मी काही महिन्यांत अशी बदलून दाखवतो की मोठमोठे लोक फसतील. मग शिकवणी, मग फजिती, मग एक मोठी पार्टी. ती नटूनथटून येते आणि सगळे बघत राहतात. मग दोघांचं जोरात भांडण. आणि मग शेवट.

आठवले ना चार-पाच सिनेमे? हे सगळे एकाच नाटकाचे नातेवाईक आहेत. काही सख्खे, काही चुलत, काही नुसते गाववाले. मूळ नाटक जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचं, ‘पिग्मॅलियन’. आज त्या नाटकाबद्दल आणि त्याच्या रिमेकबद्दल बोलू. माझा मुद्दा आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत लटकवून ठेवल्यासारखं होणार नाही. हे नाटक मुलीच्या दिसण्याबद्दल नाहीच, ते तिच्या बोलण्याबद्दल आहे. ज्या रिमेकमध्ये बोलणं काढून तिथं कपडे आणि मेकअप टाकला, त्यांतला जीवच गेला. का गेला, ते आता बघू.

आधी मूळ नाटक. इंग्लिश उच्चारांवरचं हे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते जर्मन भाषेत! व्हिएन्नामध्ये, ऑक्टोबर १९१३ला. लंडनमध्ये आलं एप्रिल १९१४मध्ये. नावाचा संदर्भ जुना आहे. रोमन कवी ओव्हिडने सांगितलेली एक कथा आहे, पिग्मॅलियन नावाच्या शिल्पकाराची. तो एका स्त्रीची मूर्ती घडवतो आणि तिच्याच प्रेमात पडतो. देवीची प्रार्थना करतो, मूर्ती जिवंत होते, दोघांचं लग्न होतं. आता बघा, या सगळ्यात त्या मूर्तीला कुणी काही विचारलं का? नाही. शॉने नेमकं तिथं बोट ठेवलं. मूर्तीला तोंड फुटलं, आणि ती शिल्पकारालाच जाब विचारायला लागली, तर?

लंडन, कॉव्हेंट गार्डन. पाऊस पडतोय, लोक आडोशाला उभे. एलायझा डूलिटल नावाची मुलगी तिथं फुलं विकतेय. तिची बोली कॉकनी, म्हणजे लंडनच्या कष्टकरी वस्तीतली. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गायब, स्वर वाकडेतिकडे. खांबाआड उभा राहून एक माणूस तिचं बोलणं वहीत टिपून घेतोय. लोकांना वाटतं पोलिसांचा माणूस असावा. तो असतो हेन्री हिगिन्स, उच्चारशास्त्राचा प्राध्यापक. माणूस दोन वाक्यं बोलला की तो कुठल्या गल्लीतला, हे हा सांगणार. तिथं भेटलेल्या कर्नल पिकरिंगला तो फुशारकीने सांगतो की, या मुलीला काही महिन्यांत मी सरदार घराण्यातली बाई म्हणून खपवू शकतो.

इथं एक बारीक गोष्ट आहे, जी बहुतेक रिमेक विसरतात. दुसऱ्या दिवशी एलायझा स्वतःहून हिगिन्सच्या घरी येते. तिला कुणी उचलून आणलेलं नाही. तिला फुलांच्या दुकानात नोकरी हवी आहे, आणि असं बोलणाऱ्या मुलीला दुकानात उभं करत नाहीत, हे तिला पक्कं माहीत आहे. म्हणून ती शिकवणी लावायला आली आहे, आणि फी द्यायला तयार आहे. एक शिलिंग! हिगिन्स हसत नाही, हिशोब करतो. तिची दिवसाची कमाई अडीच शिलिंग. म्हणजे ती कमाईतला दोन पंचमांश भाग एका तासासाठी देतेय. आपल्या भाषेत, दिवसाला पाचशे कमावणारीने दोनशे रुपये काढून समोर ठेवावेत तसं. लखपतीनेसुद्धा त्याला इतकी मोठी फी कधी दिलेली नसते, हे त्याला कळतं.

म्हणजे ही परीकथा नाही. ही क्लास लावण्याची गोष्ट आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावात बसस्टँडसमोर ‘स्पोकन इंग्लिश, तीन महिन्यांत’ अशी पाटी असते बघा. एलायझा त्या पाटीखालून जिना चढणारी मुलगी आहे.

पुढं धमाल आहे. हिगिन्स तिला उच्चार शिकवतो आणि आईच्या घरी चहाला घेऊन जातो. एलायझाचे उच्चार एकदम सफाईदार, अगदी राणीसारखे. पण बोलते काय? आपली मावशी कशी मेली, आणि बहुतेक घरच्यांनीच तिला कशी संपवली असणार, याचं साग्रसंगीत वर्णन! उच्चार बंगल्यातले, गोष्ट चाळीतली. आणि निघताना ती एक कडक शिवी हासडते. १९१४च्या लंडनमध्ये त्या एका ‘ब्लडी’ शब्दावर केवढी खळबळ माजली होती. तिथं बसलेल्या फ्रेडीला वाटतं, ही बोलण्याची नवी फॅशन असावी. तो तिच्यावर फिदा. शॉचा टोमणा लक्षात आला? हेच वाक्य झोपडपट्टीतल्या उच्चारात आलं असतं तर लोकांनी नाक मुरडलं असतं. गोऱ्यागोमट्या उच्चारात आलं म्हणून ते स्टायलिश झालं.

आता खरी जागा. मोठी पार्टी होते. एलायझा जिंकते, म्हणजे हिगिन्स पैज जिंकतो. घरी येऊन तो आणि कर्नल एकमेकांचं अभिनंदन करतात, किती कंटाळा आला होता म्हणून जांभया देतात. एलायझा त्याच खोलीत आहे. तिच्याकडे कुणी बघतही नाही. शेवटी ती हिगिन्सच्या सपाता उचलते आणि त्याच्या अंगावर फेकते.

आणि विचारते, आता माझं काय?

हा प्रश्न म्हणजे नाटकाचा कणा आहे. ती आता रस्त्यावर जाऊन फुलं विकू शकत नाही. बोलणं बदललंय, सवयी बदलल्यात. आणि सरदारणीचं बोलणं आलं तरी सरदारणीचे पैसे आलेले नाहीत. हिगिन्स सहज म्हणून जातो की, तुझं एखाद्याशी लग्न लावून देता येईल. त्यावर तिचं उत्तर असं की, तिकडे मी फुलं विकत होते, स्वतःला विकत नव्हते. तुम्ही मला बाईसाहेब केलंत आणि आता माझ्याकडे स्वतःशिवाय विकायला काही उरलं नाही. शंभर वर्षं झाली, पण हे उत्तर अजून टोचतं.

पुढं ती आणखी एक गोष्ट सांगते. परदेशात गेलेलं लहान मूल तिथली भाषा शिकतं आणि आपली विसरतं, तशी मी माझी भाषा विसरले. आता मला फक्त तुमची येते. शब्द माझे आहेत, पण आशय हाच. आता सांगा, कपडे बदलून हे होतं का? चष्मा काढला तर तो परत घालता येतो. गाऊन भाड्याने आणला तर सकाळी परत करता येतो. पण एकदा जीभ वळली की ती आधीच्या जागी पूर्ण येत नाही. म्हणून या नाटकात परतीचा रस्ता बंद आहे, आणि म्हणूनच ‘माझं काय?’ हा प्रश्न इतका खरा आहे.

मग शेवट काय? इथंच शंभर वर्षं मारामारी चाललीय.

शॉने नाटकाला ‘रोमान्स’ म्हटलं होतं, पण दोघांचं जमवलं नाही. एलायझा त्याला ठणकावून सांगते की मी स्वतः उच्चार शिकवायला लागेन, आणि निघून जाते. लंडनच्या पहिल्याच निर्मितीत हिगिन्स झालेला नट होता हर्बर्ट बीअरबोम ट्री. थिएटरही तोच चालवायचा. त्याला हा शेवट पचला नाही. पडदा पडता पडता तो एलायझाकडे फुलं फेकायला लागला, म्हणजे प्रेक्षकांना वाटावं की जमलं बुवा! शॉ भडकले. ट्रीचं म्हणणं, या शेवटामुळे गल्ला भरतो. शेवटी शॉने १९१६मध्ये नाटकाच्या पुस्तकाला एक लांबलचक पुरवणीच जोडली. तिच्यात सरळ लिहून टाकलं की एलायझाने फ्रेडीशी लग्न केलं आणि कर्नलच्या मदतीने फुलांचं दुकान टाकलं. म्हणजे ज्यासाठी ती शिलिंग घेऊन आली होती, तेच.

पण ऐकतो कोण! १९३८मध्ये सिनेमा आला, लेस्ली हॉवर्ड आणि वेंडी हिलर यांचा. पटकथेसाठी शॉना ऑस्कर मिळालं. नोबेल आधीच मिळालं होतं. दोन्ही मिळालेला हा पहिला माणूस. पण या सिनेमाच्या शेवटी एलायझा हिगिन्सकडे परत येते! १९५०मध्ये शॉ गेले. ते असेपर्यंत त्यांनी या नाटकाचं संगीत नाटक होऊ दिलं नव्हतं. १९५६मध्ये ब्रॉडवेवर ‘माय फेअर लेडी’ आलं, लर्नर आणि लो या जोडीचं. रेक्स हॅरिसन आणि ज्युली अँड्र्यूज. २,७१७ प्रयोग झाले. शेवट कुठला? तोच, सिनेमातला. ती परत येते, आणि तो सपाता मागतो. ज्या सपाता तिने फेकून मारल्या होत्या, त्याच.

१९६४मध्ये त्याचा सिनेमा झाला. आठ ऑस्कर. ज्युली अँड्र्यूजला घेतलं नाही, कारण ती तेव्हा सिनेमातलं मोठं नाव नव्हती. घेतलं ऑड्री हेपबर्नला. आणि हेपबर्नची बहुतेक गाणी दुसऱ्याच गायिकेच्या आवाजात डब केली, मार्नी निक्सनच्या. एका मुलीचा आवाज पुसून तिला दुसरा आवाज देण्याची गोष्ट, आणि तिच्यासाठी निवडलेल्या नटीचाच आवाज पुसला. हे मला कुठल्याही संवादापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

थोडं फास्ट फॉरवर्ड करते. २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये बार्टलेट शेर यांनी ‘माय फेअर लेडी’ परत बसवलं. तीच गाणी, तेच संवाद. फक्त शेवटी एलायझा हिगिन्सच्या गालाला हात लावते, वळते आणि स्टेजवरून उतरून प्रेक्षकांमधून चालत निघून जाते. एक शब्द न बदलता शॉचा शेवट परत आणला! मला हे फार आवडलं.

आता ‘चुलत’ नातेवाईक. यांत बोलण्याच्या जागी काय आलं, ते बघत चला.

१९९०चा ‘प्रिटी वूमन’. रिचर्ड गिअर, जुलिया रॉबर्ट्स. बोलण्याच्या जागी आलं क्रेडिट कार्ड. दुकानात तिचा अपमान होतो आणि मग ती पिशव्या भरभरून खरेदी करते, हा सगळ्यांचा आवडता सीन. मूळ पटकथा खूप कडवट होती, शेवटी तो तिला सोडून देतो अशी. स्टुडिओत जाता जाता ती परीकथा झाली. मजा येते बघायला, मी नाही म्हणत नाही. पण ‘माझं काय?’ याचं उत्तर तिथं आहे, ‘तो घ्यायला येईल.’

१९९९चा ‘शीज ऑल दॅट’. अमेरिकन शाळा, प्रॉम क्वीनची पैज. चित्रं काढणारी चष्मिष्ट मुलगी, चष्मा काढला, केस कापले, लाल ड्रेस घातला, जिना उतरली. झालं! अहो, ती मुलगी आधीपण सुंदरच दिसत होती. २०२१मध्ये नेटफ्लिक्सवर त्याचा उलटा रिमेक आला, ‘हीज ऑल दॅट’. इथं इन्फ्लुएन्सर मुलगी एका मुलाचा मेकओव्हर करते. स्त्री-पुरुष अदलाबदल केली, फोन आले, लाइव्ह आलं, पण प्रश्न परत केस आणि कपडे एवढाच. पार्टी संपली की हे दोघं कुठल्या वर्गात, कुठल्या घरात परत जाणार, याची कुणाला काळजीच नाही, कारण काही हरवलेलंच नाही.

एक मालिका मात्र जवळ गेली होती. २०१४ची ‘सेल्फी’, कॅरेन गिलन आणि जॉन चो. यातली एलायझा सोशल मीडियावर फेमस, पण समोरच्या माणसाशी दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. म्हणजे इथं परत ‘बोलणं’ आलं. आणि शिकवणाऱ्यालाही शिकायचं होतं. तेरा भाग बनले, टीव्हीवर सगळे दाखवलेही नाहीत, बंदच केली. वाईट वाटलं.

पण सगळ्यांत खरा वारसदार विचाराल तर माझं मत ‘एज्युकेटिंग रीटा’ला. विली रसेलचं १९८०चं नाटक, १९८३मध्ये सिनेमा, मायकल केन आणि ज्युली वॉल्टर्स. रीटा ही केस कापणारी बाई. मुक्त विद्यापीठात नाव घालते, दारूत बुडालेला प्राध्यापक तिला शिकवतो. रसेल स्वतः कधीकाळी केशकर्तनाचं काम करायचा, त्यामुळे हे वरवरचं नाही. यात एक प्रसंग आहे. प्राध्यापक तिला घरी जेवायला बोलावतो. ती वाइनची बाटली घेऊन जाते, खिडकीतून आतली माणसं बघते आणि तशीच परत फिरते. आपण तिथं शोभणार नाही. मग घरच्यांबरोबर पबमध्ये जाते. सगळे गातायत. आणि तिच्या लक्षात येतं की आता आपण इथलेही राहिलो नाही. एलायझाचाच प्रश्न, पण दोन्ही दारं दाखवून विचारलेला. लग्नाने तो सुटत नाही. नाटक संपतं तेव्हा तिच्यासमोर काही पर्याय असतात आणि निवडायची ती. बस.

आता घरी येऊ या. भारतात हे नाटक का चालणार नाही? जिथं दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तिथं हिगिन्सला तर सोन्याची खाणच. बेगम कुदसिया झैदींनी उर्दूत ‘आझर का ख्वाब’ केलं. गुजरातीत मधु राय यांनी ‘संतु रंगीली’ लिहिलं, सरिता जोशींनी गाजवलं. हिंदीत १९८०मध्ये बासू चटर्जींचा ‘मनपसंद’ आला, देव आनंद आणि टीना मुनीम, दातून विकणारी मुलगी. आणि मराठीत १९७५मध्ये पु. ल. देशपांड्यांचं ‘ती फुलराणी’. भक्ती बर्वे मंजुळा, सतीश दुभाषी प्राध्यापक अशोक जहागीरदार. शीर्षक बालकवींच्या कवितेची आठवण करून देणारं.

यातलं मंजुळाचं स्वगत तुम्ही नक्की ऐकलंय. कॉलेजच्या स्पर्धेत, ऑडिशनला, यूट्यूबवर. मास्तरला धडा शिकवण्याची शपथ घेते ते. पिढ्यान् पिढ्या मुली ते म्हणतायत. विचार करा, सरदारीण झालेल्या मंजुळाचे सफाईदार संवाद कुणी पाठ करत नाही. सगळ्यांना हवी असते ती आधीची, स्वतःच्या बोलीत पेटलेली मंजुळा. आणि भक्ती बर्वे स्वतः मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायच्या. म्हणजे ज्यांचा रोजचा उच्चार सगळ्या महाराष्ट्राने कानात साठवावा, त्याच मंजुळाच्या भाषेत शिरल्या होत्या.

पुलंपुढचा खरा पेच भाषांतराचा नव्हता. लंडनमध्ये ‘ह’ गेला की माणूस खालच्या वर्गातला ठरतो. मराठीत असं काय आहे? तुम्हाला उत्तर माहीत आहे. ‘ण’चा ‘न’ झाला की झालं. पाणी की पानी? एवढ्यावर समोरचा तुमचं गाव, घर, शिक्षण, आणि स्पष्टच बोलू या, जातसुद्धा मनातल्या मनात ठरवून मोकळा होतो. वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळा नाही, डोया. तो काही चुकलेला मराठी नाही, ते तिथलं मराठी आहे. पुण्याच्या शिकल्यासवरल्या घरातलं बोलणं पुस्तकात गेलं, शाळेत गेलं आणि ‘शुद्ध’ झालं. बाकीचं सगळं आपोआप ‘अशुद्ध’.

मराठीत या नाटकाला आणखी एक ताकद मिळते, जी इंग्लिशमध्ये नाही. शॉच्या नाटकात एलायझा सांगते की मला बाईसाहेब कर्नलने केलं, कारण पहिल्या दिवसापासून तो मला मान देऊन ‘मिस डूलिटल’ म्हणायचा. हिगिन्स कुणालाच मान देत नाही. इंग्लिशमध्ये ‘यू’ एकच, म्हणून शॉला ‘मिस’ शब्द लागला. आपल्याकडे? एक ‘तुम्ही’ पुरतं. फुलवालीला कुणी ‘ए, कितीला दिला गजरा?’ म्हणतं आणि कुणी ‘ताई, केवढ्याला दिला?’ म्हणतं. अख्खं नाटक त्या दोन वाक्यांमधल्या फरकात आहे. फुलवालीने काय शिकायला हवं, त्याच्या आधी हा प्रश्न येतो की आपण काय म्हणून हाक मारतोय.

२०२३मध्ये ‘फुलराणी’ नावाचा मराठी सिनेमाही आला, सुबोध भावे आणि प्रियदर्शिनी इंदलकर. कोळीवाड्यातली शेवंता तांडेल. म्हणजे ही गोष्ट अजून चालू आहे. आणि चालू राहणारच, कारण हिगिन्सचा धंदा बंद पडलेला नाही, वाढलाय. २०००नंतर पुण्या-मुंबईत, गुरगावात कॉल सेंटरं निघाली, तेव्हा हजारो मुलामुलींना ‘ॲक्सेंट ट्रेनिंग’ दिलं गेलं. रात्री नाव बदलायचं, उच्चार बदलायचा, सकाळी परत आपलं नाव. आता तर सॉफ्टवेअर आलंय. तुम्ही तुमच्या उच्चारात बोला, पलीकडच्या गिऱ्हाइकाला ऐकू येतं अमेरिकन. हिगिन्सला काही महिने लागायचे, यंत्राला सेकंदसुद्धा लागत नाही. कुणी म्हणेल, मग बरंच आहे की, जीभ वळवायला नको! असेलही. पण यात ऐकणाऱ्याला काहीच शिकावं लागत नाही. तो आपल्या कानांसकट तसाच राहतो.

हॉस्टेलला माझी एक मैत्रीण होती, मराठवाड्यातली. घरचा फोन आला की ती गॅलरीत जायची. दार लावून. आम्हाला वाटायचं बॉयफ्रेंड. आई असायची. आईशी गावाकडच्या बोलीत बोलताना आमच्यासमोर नको, म्हणून. आणि दिवाळीला घरी गेली की भाऊ चिडवायचा, ‘आली पुण्याची बाई’. दोन्हीकडे दार. ‘एज्युकेटिंग रीटा’ पाहताना मला तीच दिसत होती.

प्रमाण मराठी शिकू नका, इंग्लिश शिकू नका, असं मी म्हणत नाहीये. एलायझा मूर्ख नव्हती. तिला नोकरी हवी होती, आणि तिने बरोबर ओळखलं की चावी बोलण्यात आहे. शिका, बिनधास्त शिका. शॉसुद्धा उच्चारांच्या विरोधात नव्हते. इंग्लिशला नवी लिपी मिळावी म्हणून त्यांनी मृत्युपत्रात पैसे ठेवले होते. त्यांचा राग होता तो तोंड उघडताच माणसाची किंमत ठरवणाऱ्या कानांवर.

म्हणून यापुढे कुठलाही ‘मेकओव्हर’वाला सिनेमा बघाल, तेव्हा तीन गोष्टी तपासा. एक, बदलायचं कुणी ठरवलं, तिने की त्याने? दोन, या बदलात तिचं काही हरवलं का, की नुसता चष्मा गेला? आणि तीन, शेवटी सपाता कोण उचलतं? या तीन प्रश्नांवर बरेच गाजलेले सिनेमे आपटतात. आणि २०१८ची ती एलायझा, प्रेक्षकांमधून चालत जाणारी, पास होते.

पुढच्या भागासाठी एक काम देते. तुमच्या घरी जी मराठी बोलतात, तिच्यातला एक शब्द सांगा, जो तुम्ही कॉलेजमध्ये किंवा ऑफिसमध्ये वापरत नाही. टाइप करू नका, व्हॉइस नोट पाठवा. ‘न’ असेल तर ‘न’, ‘य’ असेल तर ‘य’. जसा येतो तसा. एडिट न करता लावणार आहे.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!